दीडशे वर्षांपूर्वीचं काडतूस आणि हरणापुरती ताकद

जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलने हरीण पाडता येईल का, असं कुणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर हमखास येतं. पहिलं असं, की अहो, याच काडतुसाने बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या अवाढव्य रानबैलांचे, कळपच्या कळप संपवले, हरणाचं काय घेऊन बसलात? दुसरं असं, की लक्ष्यावर पोचताना गोळीत हजार फूट-पाउंड ऊर्जा उरते का ते बघा, उरत नसेल तर विषय सोडा. दोन्ही उत्तरं देणारे अगदी ठामपणे बोलतात. पण दोघांनीही मी काडतुसात काय भरलंय ते विचारलेलं नसतं.

मला ते ठरवायला बराच काळ लागला. शिकारीला कायद्याने परवाना मिळतो अशा जागी आणि परवाना हातात असतानाची ही गोष्ट आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे त्यावर वाद नको.

माझी रायफल १८८४च्या मॉडेलची. अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेली, ३२ इंचांहून थोडी लांब नळी, एका वेळी एकच काडतूस. मागचा ठोकळा बिजागरीवर पुढच्या बाजूला वर उघडतो, तळघराच्या झडपेसारखा, म्हणून ट्रॅपडोअर. ही रचना मुळात शस्त्रागारातल्या अर्स्किन ॲलिन यांची. यादवी युद्धानंतर तोंडाकडून भरायच्या हजारो बंदुका सैन्याकडे पडून होत्या, त्या स्वस्तात मागून भरता येतील अशा करायच्या, एवढाच मूळ हेतू. १८७३मध्ये तीच कल्पना नव्या नळीत आणि नव्या ४५-७० काडतुसासाठी वापरली गेली. ४५ म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागांत गोळीचा व्यास, ७० म्हणजे ग्रेन या बारीक वजनी मापात काळी दारू, म्हणजे जुनी, धूर करणारी बंदुकीची दारू, आणि त्यापुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. वेग सेकंदाला साधारण १३५० फूट. घोडदळाच्या आखूड कार्बाइनमध्ये हाच दणका खांद्याला सोसवेना, म्हणून तिच्यासाठी दारू ५५ ग्रेनवर आणली आणि वेग ११०० फुटांच्या आसपास उतरला. म्हणजे तेव्हाही "४५-७०ची ताकद" असा एकच आकडा नव्हता. १८८१पासून ५०० ग्रेनची गोळी आली, तो तिसरा प्रकार.

ताकदीचा प्रश्न नंतरचा. आधी रायफल तेवढं सोसते का, हे बघायचं. जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या एका गनस्मिथकडे ती दिली. ठोकळा बंद झाल्यावर खिटी पूर्ण बसते का, बिजागरीची पिन सैल आहे का, ठोकळा आणि काडतुसाच्या तळामधली फट किती, फायरिंग पिन मोकळी मागे येते का, हे सगळं त्याने पाहिलं. नळीत मागच्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे होते, गोळीला फिरकी देणारे आतले आटे मात्र शाबूत होते. काळ्या दारूसाठी ठीक, असं म्हणून त्याने परत दिली, आणि एक गोष्ट दोनदा बजावली: दुकानात ४५-७० लिहिलेलं जे मिळेल ते हिच्यात घालायचं नाही.

हे कळीचं आहे. ४५-७० हे आजही बनणारं काडतूस. पण त्याच्या भरणीच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. सगळ्यात खालची ट्रॅपडोअरसाठी, मधली आजच्या लीव्हर रायफलींसाठी, वरची रुगर नंबर वनसारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठी. वरच्या पायरीचं काडतूस खालच्या रायफलीत आरामात बसतं, काही अडत नाही, आणि हाच धोका. त्यामुळे "कमी पडतंय, जरा दारू वाढवू" ही वाट माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून बंद होती. प्रश्न उलटा होता: या रायफलीला झेपेल तेवढीच ताकद घेऊन काय काय करता येईल? धूरविरहित दारूच्या फंदातही पडलो नाही. ट्रॅपडोअरसाठी तशा तपासलेल्या भरण्या छापील पुस्तिकांत आहेत, पण काळ्या दारूच्या मापावरून स्वतः हिशेब मांडून धूरविरहित दारू भरणं म्हणजे रायफलीसकट डोळे गमावणं.

मग काळी दारू. इथे पहिली अडचण अशी, की मूळची ७० ग्रेन दारू आजच्या पितळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या टरफलात, सहजासहजी मावत नाही. त्या काळच्या केस तांब्याच्या, पातळ, तळाशी घडी घातलेल्या, त्यामुळे आत जागा जास्त. आजच्या केसचा तळ भरीव. लांब पितळी नळीतून दारू हळूहळू सोडली की ती दाटून बसते, वर पुठ्ठ्याची चकती ठेवून थोडी दाबता येते, आणि दाबावीच लागते, कारण काळ्या दारूत गोळी आणि दारूच्या मध्ये पोकळी ठेवायची नसते. मी ६० ग्रेनच्या थोडा वर थांबलो, जाड दाण्याच्या दारूवर. तिथे रायफल सगळ्यात नेटकं मारत होती. त्याहून जास्त दाबली की कागदावरचे छेद विखुरत.

गोळीचा व्यास हा दुसरा घोळ. कागदोपत्री ४५-७०च्या आट्यांचा व्यास ०.४५८ इंच. जुन्या ट्रॅपडोअरमध्ये तो क्वचितच तेवढा भरतो. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हातोडीने हळूहळू ठोकत बाहेर काढला आणि मोजला, तर माझी ०.४६२ निघाली. साच्यातून पडणारी गोळी ०.४५९. कडक मिश्रणाची गोळी असती तर वायू कडेने निसटला असता, नळीत शिसं माखलं असतं, वेगही दर वेळी वेगळा आला असता. पण काळ्या दारूचा धक्का एकदम बसतो, आणि गोळी मऊ असेल तर तिचा तळ फुगून आटे भरून काढतो. म्हणून वीस भाग शिसं, एक भाग कथील. जुन्या लोकांनी मऊ शिसं वापरलं ते दुसरं काही नव्हतं म्हणून, असं मला आधी वाटायचं. या नळ्यांना तेच लागतं.

आता वेग. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ काळ्या दारूपुढे बिचकतो. नळीच्या जवळ ठेवला तर धुराचा लोट आणि पुठ्ठ्याची चकती यांनाच गोळी समजतो आणि भलतेच आकडे देतो. पंधरा फूट लांब नेऊन ठेवल्यावर शहाण्यासारखा वागला. सरासरी ११८० फूट प्रतिसेकंद. नळी पुसली नाही तर काजळी कडक होऊन आकडे वरखाली व्हायला लागत. दोन बारांच्या मध्ये नळीच्या मागून लांब फुंकर घातली, श्वासातल्या ओलाव्याने काजळी नरम पडली, की पुन्हा ओळीत येत.

४०५ ग्रेन, ११८० फूट: नळीच्या तोंडाशी साधारण १२५० फूट-पाउंड. हिशेबाने शंभर यार्डांवर वेग १०३५च्या आसपास उरतो आणि ऊर्जा ९६०. म्हणजे त्या प्रसिद्ध हजाराच्या खाली. हजारवाल्यांच्या लेखी मी नापास.

कायद्याच्या चौकटी तर आणखी मजेशीर. माझ्या परवान्याच्या नियमांत फक्त किमान व्यासाची अट होती, ती या गोळीने केव्हाच ओलांडलेली. पण इंग्लंड-वेल्सच्या १९९१च्या हरीण कायद्यात मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशी किमान १७०० फूट-पाउंड लागतात. तिथे माझं काडतूस सोडाच, सैन्याची मूळ ७० ग्रेनची भरणीही १६४०च्या आसपास अडकते. जर्मनीत छोट्या रो हरणासाठी शंभर मीटरवर १००० ज्यूल पुरतात, बाकीच्या खुरवाल्या मोठ्या प्राण्यांना २०००. माझे शंभर यार्डांवर १३०० ज्यूल. एका प्राण्याला पास, दुसऱ्याला नापास. हे आकडे ठरवणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांना हजारो शिकाऱ्यांसाठी एकच रेघ ओढायची असते, आणि ते सगळे आजच्या वेगवान, फुलणाऱ्या गोळ्या वापरतात. त्या गोळ्यांच्या बाबतीत ऊर्जेचा आकडा बऱ्यापैकी बोलतो. जड, संथ शिशाच्या बाबतीत तो नीट बोलत नाही, आणि हे पटायला मला एक तुलना पुरली. २२३ रेमिंग्टन हे आजचं हलकं, वेगवान काडतूस घ्या: ५५ ग्रेनची गोळी, ३२४० फूट वेग: सुमारे १२८० फूट-पाउंड. माझ्या काडतुसाहून किंचित जास्तच. आता समोर मोठं हरीण खांदा तिरपा करून उभं आहे आणि आत हाड फोडून दोन्ही फुफ्फुसांपर्यंत जायचंय. त्या क्षणी यांतली ५५ ग्रेनची कोण निवडेल?

याचा अर्थ उलट बाजूचं गणित खरं, असंही नाही. शिकारी जॉन टेलर यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या प्राण्यांच्या अनुभवावरून एक सूत्र मांडलं होतं: वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार भागिले सात हजार. त्यात माझ्या भरणीला ३१ गुण मिळतात. ३०-०६ या वेगवान काडतुसाला, १८० ग्रेनच्या गोळीसह, २१. आरशासमोर छाती फुगवायला हे सूत्र उत्तम. पण ते हत्तीच्या डोक्यावर बसलेल्या न फुलणाऱ्या गोळ्यांची आपसात तुलना करायला होतं. शंभर-सव्वाशे यार्डांवरच्या हरणासाठी माझी रायफल ३०-०६पेक्षा दीडपट चांगली, असं कुणी त्यावरून सांगायला लागलं तर त्याने ३०-०६ चालवून बघावी. एक मोजपट्टी मला हिणवत होती, दुसरी लाडावत होती. दोन्ही बाजूला ठेवल्या.

बायसनचा दाखला तर त्याहून पोकळ. एकोणिसाव्या शतकातल्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी जड शिशाच्या गोळ्यांनी बायसन मारले हे खरं. पण किती जनावरं एका बारात पडली, किती चार बारांनंतर, आणि किती पोटात शिसं घेऊन टेकाडापलीकडे जाऊन दोन दिवसांनी मेली, याची नोंद कातड्यांच्या गाडीत नसते. कातडं हाती लागलं तेवढीच शिकार मोजली गेली. "तेव्हा चालत होतं" यावरून फार तर एवढं कळतं, की पुरेशी खोल जाणारी गोळी त्या काडतुसातून सुटत होती.

खोली मात्र खरंच होती. १८७९मध्ये अमेरिकी सैन्याने सँडी हूकच्या वाळूच्या किनाऱ्यावर लांब पल्ल्याच्या चाचण्या घेतल्या. २५०० यार्डांवर, म्हणजे वेग पार मंदावलेला असताना, ५०० ग्रेनची गोळी एक-एक इंची तीन फळ्या भेदून पुढे वाळूत आठ इंच घुसली. ऊर्जेच्या तक्त्यात त्या अंतरावर काय उरलं असेल? जवळजवळ काही नाही. लांबट, जड गोळी वेग सोडायला तयार नसते, हे फळ्यांनी दाखवलं. त्याच चाचण्यांनंतर सैन्याने ५०० ग्रेनची गोळी स्वीकारली.

म्हणून मी प्रश्न बदलला. ऊर्जा किती, हे सोडून दिलं. हरणाच्या छातीत आरपार जाईल का, गेली तर किती मोठं भोक पाडेल, आणि ते भोक योग्य जागी पाडणं मला किती अंतरापर्यंत जमेल, हे तीन प्रश्न घेतले.

या वेगाच्या गोळीत वेगवान गोळीची जादू नसते. दोन-अडीच हजार फुटांनी गेलेली गोळी आजूबाजूचं मांस झटक्याने ताणते, फाडते. माझी तसं काही करत नाही. ती जिथून जाते तिथलंच कापते, बाहेरचं फारसं नाही. त्यामुळे प्राणी मरतो तो रक्त वाहून आणि छातीत हवा शिरून फुफ्फुसं बसल्यामुळे. तो जागीच कोसळेल अशी अपेक्षा धरायची नाही, थोडं पळेलच. मग माग काढायला दोन भोकं लागतात, आत जाणारं आणि बाहेर पडणारं, कारण एकच भोक वरच्या बाजूला असेल तर रक्त आतच साठतं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. आरपार जाणं ही माझी पहिली अट त्यामुळेच.

चाचणीसाठी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे डबे एका ओळीत लावले, पुढे हाडाच्या जागी प्लायवूडचा तुकडा. एक गोष्ट मी हट्टाने केली: डबे जवळ ठेवून पूर्ण वेगाने मारले नाहीत. सगळ्यात वाईट परिस्थितीत गोळी कशी वागते ते हवं होतं, आणि ती परिस्थिती म्हणजे सगळ्यात लांबचं अंतर. त्यामुळे डबे शंभर यार्डांवर. इतक्या लांबून डब्यांच्या ओळीत सरळ गोळी घालणं म्हणजे वैताग असतो. कडेला घासून जाते, ओळ वाया. पण जवळून मिळालेला सुंदर फुललेला नमुना खिशात घेऊन फिरणारे आणि लांबच्या अंतरावर फसलेले लोक रेंजवर बरेच भेटलेत.

सैन्याच्या नमुन्याची गोल नाकाची गोळी प्लायवूड, सगळे डबे, सगळं ओलांडून मागच्या मातीच्या बांधात गेली. उकरून काढली तर तिच्यावर आट्यांच्या खुणा होत्या, बाकी पुन्हा केसमध्ये बसवता येईल इतकी जशीच्या तशी. आरपार जाण्यात पैकीच्या पैकी. पण भोक? डब्यांच्या भिंतींवर नीटस, गोल, छोटी भोकं. गोल नाक मांसाला बाजूला सारत जातं, आणि मांस मागे पुन्हा मिटतं. इथे मला पहिल्यांदा खरी शंका आली, आणि ती ताकदीबद्दल नव्हती, आकाराबद्दल होती.

मग सपाट नाकाचा साचा आणला. वजन जवळजवळ तेवढंच, पुढचा भाग मात्र बटणासारखा सपाट. त्याच मिश्रणाची गोळी, तोच वेग. पहिले डबे फुटण्याचा आवाजच वेगळा आला, आणि भिंतींवरची भोकं कडेने चिरलेली. गोळी ओळीच्या शेवटच्या डब्यांत सापडली, नाक थोडं पसरलेलं, वजन जवळपास शाबूत. कथील आणखी कमी करून मऊ केली तर नाक जास्त पसरलं आणि गोळी लवकर थांबली. ते मला नको होतं, म्हणून विसास एकवरच परत आलो. पाणी गोळीला मांसापेक्षा जास्त फुलवतं, हे मान्य. डब्यांवरून हरणाची खोली इंचात काढता येत नाही. पण दोन गोळ्यांमधला फरक काढता येतो, आणि तो इतका ढळढळीत होता की पुढे चर्चेची गरज उरली नाही. एक ग्रेन दारू न वाढवता, वेगात काडीचा फरक न करता, काडतूस हरणासाठी "पुरेसं" झालं. ऊर्जेच्या तक्त्यात दोन्ही गोळ्या एकाच ओळीत बसतात.

तिसरा प्रश्न मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला.

ट्रॅपडोअरची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, १८८४पासूनची बफिंग्टन साइट, हे सुरेख यंत्र आहे. वाऱ्यासाठी बाजूला सरकते, अंतरासाठी वर चढते. पण ती सैनिकासाठी बनवलेली, आणि सैनिकाला शंभर यार्ड म्हणजे अंगावर आलेला शत्रू. सगळ्यात खाली ठेवूनही माझी गोळी शंभर यार्डांवर नेमापेक्षा बरीच वर जात होती. उपाय जुनाच आहे: पुढच्या साइटचं पातं काढून त्याजागी जास्त उंच पातं बसवायचं आणि हळूहळू घासत खाली आणायचं. मूळचं पातं पिनसकट पाकिटात घालून ठेवलंय, कारण ते रायफलीचं आहे, माझं नव्हे.

शंभर यार्डांवर नेम जुळवल्यावर मार्ग असा निघाला: पन्नासवर तीन इंचांहून थोडी वर, पंचाहत्तरवर अडीच इंच वर, शंभरवर शून्य, सव्वाशेवर पाच इंच खाली, दीडशेवर जवळजवळ फूटभर खाली. हे कागदावर गोळ्या घालून काढलेलं, आणि यावरूनच शंभर यार्डांवरच्या वेगाचा हिशेबही बरोबर असल्याचं कळलं, कारण वेग त्याहून फार वेगळा असता तर गोळी एवढीच पडली नसती. हरणाच्या छातीतला नेमका भाग साधारण आठ इंचांचा गोल धरतात. म्हणजे मध्यावर नेम धरला तर शंभरच्या थोडं पुढेपर्यंत गोळी त्या गोलात राहते. सव्वाशेवर ती गोलाच्या खाली निसटते, आणि झाडीत उभं राहून शंभर आणि सव्वाशेतला फरक ओळखणारे डोळे माझे नाहीत. रेंजफाइंडर असला तरी दर वेळी तो काढायला हरीण थांबत नाही. सव्वाशे यार्डांवर या गोळीत अजूनही आरपार जायचा दम आहे. ती जाईल पायात किंवा पोटाखालून, एवढंच.

हे झालं गोळीचं. माणसाचं वेगळं. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून जमवलेले सुंदर छेद मी बाजूला ठेवले, आणि आठ इंची लोखंडी थाळीवर, ज्या स्थितीत खरोखर बार करेन त्या स्थितीत मारायला लागलो. सैन्याचा जड ट्रिगर, बारीक पातं, आणि माझं वाढलेलं वय. उभ्याने सत्तर यार्डांपर्यंत थाळी वाजत राहिली. काठीच्या टेकूवर बसून नव्वदपर्यंत. पुढे कधी वाजे, कधी नाही.

रेंजवर एक निवृत्त गृहस्थ काळ्या दारूच्याच बंदुका वापरतात. त्यांनी माझ्या वहीतल्या सगळ्या सरासऱ्या पाहिल्या आणि विचारलं, यात थंड नळीचा पहिला बार कुठला? कारण शिकारीत मिळतो तो तेवढाच. तेलाचा ओघळ असलेल्या थंड, स्वच्छ नळीतून पहिली गोळी बहुधा वेगळीकडे जाते. मग रेंजवर जाताना प्रत्येक वेळी पहिला बार वेगळ्या कागदावर मारायचा नियम केला आणि तोच कागद पुढच्या वेळी पुन्हा लावला. नळी तेलकट असली की तो छेद वर आणि उजवीकडे. सुक्या चिंधीने तेल पूर्ण पुसलं की बाकीच्यांच्या जवळ. एवढ्या माहितीसाठी कुठलंही सूत्र कामाचं नव्हतं.

तर मर्यादा ठरली: हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित तिरपं, टेकू असेल तर नव्वद यार्ड, नसेल तर सत्तर. गंमत बघा, हजार फूट-पाउंडांची रेघ माझ्या भरणीत ऐंशी यार्डांपाशी येते. म्हणजे नव्वदवर मी त्या नियमाच्या खाली आहे, आणि मला त्याची झोप उडत नाही. नव्वदच्या पुढे मी जात नाही ते गोळीच्या दमासाठी नाहीच.

शिकारीबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. पहिलं हरीण आलं ते मर्यादेच्या बाहेर, शेताच्या पलीकडच्या कडेला, आणि आत यायचं नाव काढेना. त्याला जाऊ दिलं. दुसरं, मोसमाच्या शेवटी, साठेक यार्डांवर, आडवं. बार झाल्यावर धुराच्या ढगामुळे काहीच दिसलं नाही. काळ्या दारूत हे गृहीत धरायचं असतं, म्हणून बार करण्याआधीच प्राणी कुठे उभा आहे आणि कुठल्या झाडाकडे पळू शकतो याची खूण डोक्यात ठेवायची. हरीण पळालं, अपेक्षेप्रमाणे. पण दोन्ही बाजूंनी रक्त होतं, पाचोळ्यावर ठळक, आणि पन्नास-साठ पावलांत ते सापडलं. गोळी पुढच्या फासळीतून शिरून पलीकडच्या फासळीतून बाहेर. आतलं भोक अंगठा जाईल एवढं, बाहेरचं त्याहून थोडं मोठं, दोन्ही फुफ्फुसं गेलेली. आश्चर्य वाटलं ते मांसाचं: भोकाभोवतीचं दोन बोटं मांस सोडलं तर बाकी सगळं स्वच्छ. वेगवान गोळ्यांनी खांदाभर रक्ताळलेलं मांस टाकून द्यावं लागतं, तसं इथे काहीच नाही.

त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुतली. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीत गंज धरते. गनस्मिथने दाखवलेले ते मागचे खड्डे, कुणा जुन्या मालकाने सकाळवर ढकललेल्या कामाचे असावेत.

आता मित्र एल्कसाठी, म्हणजे त्या भल्या मोठ्या हरणासाठी, ये म्हणतोय. त्याला या भरणीसह नाही म्हणून सांगितलंय. आडव्या, जवळच्या एल्कला ती मारेल याबद्दल मला शंका नाही, पण एल्क तिरपा उभा राहिला की वाटेत खूप जास्त हाड आणि मांस येतं, आणि माझ्या डब्यांच्या ओळीत सपाट नाकाची ४०५ ग्रेनची गोळी शेवटाला थांबली होती, पलीकडे गेली नव्हती. त्याला ५०० ग्रेनच्या घरातली सपाट नाकाची गोळी हवी. तिचा वेग आणखी कमी होईल, मार्ग आणखी कमानदार, खांद्याला दणका जास्त, आणि पातं पुन्हा घासावं लागेल. साचा मागवलाय. तो आला की प्लायवूड दुप्पट जाडीचं लावून डब्यांपासून पुन्हा सुरुवात, आणि अंतर किती निघतं ते बघून मित्राला कळवणार. पन्नासच्या आत आलं तर मी त्याच्याबरोबर जाईन, पण रायफल दुसरी घेऊन.